डावा पाय

बीडहून येताना मांजरसुंब्याच्या घाटात, बाई म्हणाल्या,
इंजिन ओरडतं आणि गाडी ऐकत नाही.
काटा पाच हजारांवर,
आणि कडब्याचा ट्रॅक्टर बाजूने पुढे गेला.
वर बसलेला पोरगा हसला.
सांगताना त्या तिथेच जरा थांबल्या.

लातुरात, रेणापूर नाक्यावरच्या आमच्या शेडमध्ये
अशी गाडी पहिल्यांदाच आली,
पिवळी, दोन दारांची, जमिनीला पोट लावून बसणारी.
जॅक सरकवायला आधी मलाच आडवं व्हावं लागलं.
अझीम चहा आणायला गेला तो अख्खी गल्ली घेऊन आला.

खाजाचाचा सांगायचे, पान्याच्या आधी नाक लाव.
लावलं.
बैलाला डाग देताना येतो तसा वास.
मग बार्शी रोडला नेली. चौथा गिअर, वेग चाळीस,
पाय दाबला. आवाज वर गेला, रस्ता जागेवरच.
परत येऊन हँडब्रेक ओढला, तिसरा टाकला, क्लच सोडला.
धडधाकट गाडी अशा वेळी गचकन बंद पडते.
ही पडेना. गुरगुरत राहिली,
घरात कुणी ऐकत नसताना बोलत राहणाऱ्या माणसासारखी.

तेल गळत असेल का, बाईंनी विचारलं. सील कोरडं होतं.
वायर ढिली? वायर नसते हो यात, तेलाचा दाब असतो,
तोही बरा होता.
म्हटलं, उघडावी लागेल.
त्यांनी मान हलवली,
हे वाक्य त्यांनी दुसऱ्या बाजूने पुष्कळदा ऐकलेलं असणार.

दोन दिवस गेले गिअरबॉक्स खाली यायला.
वरचा एक बोल्ट दिसत नाही, फक्त सापडतो.
प्लेट हातात आली तेव्हा रिव्हेटांची डोकी उघडी,
फ्लायव्हीलवर निळे-जांभळे वळ,
आणि बेअरिंग बोटाने फिरवलं
तर सुपात खडा वाजावा तसं वाजलं.

गाडी पळालेली अवघी अठ्ठावीस हजार.
एवढ्यात प्लेट मरत नाही.
मी विचारलं, चालवताना तुमचा डावा पाय कुठे असतो?

डॉक्टर उज्ज्वला बिडवई यांनी विचार केला,
खरंच केला, पायाकडे बघून.
पेडलवर, म्हणाल्या. कायम.
पस्तीस वर्षं भूल दिली मी.
फुग्यावरचा हात काढायचा नाही, एवढंच शिकले.
काढला की काहीतरी होईल असं वाटतं.

गिऱ्हाइकाला सुनवायच्या चार गोष्टी माझ्याकडे तयार असतात.
त्या मी पुसायच्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या.

नवी प्लेट पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या डिकीतून आली,
ज्याची डिकी त्याला दीडशे रुपये.
पंचाक्षरीने लेथवर फ्लायव्हीलची साल काढली,
प्लेट मधोमध बसवायला बाभळीचा खुंटा तासून दिला,
त्याचे पैसे घेतले नाहीत.
बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळले.
ग्रीस नखावर मावेल एवढंच,
जास्त लावणारा नवशिका.

शेवटी हवा काढायची, तर अझीम जुम्म्याला गेलेला.
बाई स्वतःच बसल्या सीटवर, चपला बाहेर काढून.
मी खालून: दाबा. धरा. सोडा.
दाबा. धरा. सोडा.
सोडा म्हटल्यावर पाय उशिरा उठायचा.
नळीत बुडबुडे येत राहिले.
अकराव्या-बाराव्या वेळी तेल सलग आलं,
मी नट आवळला, काही बोललो नाही,
तरी वरून आवाज आला: सोडला.

जुनी प्लेट त्यांनी मागून घेतली.
पिशवीत घालून बाजूच्या सीटवर ठेवली, पट्टा लावला.
पाचशे किलोमीटर जपून, मी म्हटलं,
पायाला डाव्या कोपऱ्यात जागा दिलेली आहे, तिथे राहू द्या.

नाक्याच्या ब्रेकरवर लाल दिवे लागले,
विझले.
गाडी कचकन न ओढता पुढे गेली.
पाय कुठे होता,
ते मागून दिसत नाही.